टिंबानंतर दोन जागा

८ जानेवारी २००१, सोमवार

ह्यांना कारखान्याच्या सोसायटीकडून दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी ती कपाटावर धूळ खाते. या वर्षीची मी उचलली. बावीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली, आता थोडं स्वतःचं लिहावं म्हणते. ह्यांनी विचारलं, काय लिहिणार? म्हटलं, तुमच्याविषयी नक्की नाही.

खडकी बाजारातला माझा सुजाता टायपिंग वर्ग एकेकाळी सकाळी सहाला भरायचा. सरकारी टंकलेखन परीक्षेला मी एका वेळी नव्वद मुलं बसवली आहेत. या वेळी अकरा. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा. म्हणून मागच्या वर्षी चार जुने कॉम्प्युटर आणून ठेवले. लोक येतात, बघतात आणि समोरच्या चकचकीत क्लासला जातात. वर्गाची खोली थोरल्या दिरांची, कोंडीरामभाऊजींची. त्यांना तिथे मोबाईलचं दुकान काढायचंय. काल त्यांनी शांतपणे सांगितलं, मार्चअखेरपर्यंत वाट बघतो सत्यशीला, वर्ग चालला तर चालव, नाहीतर खोली मोकळी कर. भाऊजी वाईट नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर डिसेंबरातच सांगितलं असतं.

आणि आज ही संधी चालून आली. वाघोली रस्त्यावर नवं इस्पितळ झालंय. तिथल्या नोंदणी विभागाच्या श्रद्धा मॅडम स्वतः वर्गात आल्या. जुने केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायला त्यांना सहा जणी हव्यात, कायमच्या. बारा मार्चला परीक्षा. मिनिटाला तीस शब्द, शिवाय त्यांच्या मशीनवर फाईल करणं, शोधणं, पुसणं आलं पाहिजे. जाता जाता म्हणाल्या, आमच्याकडे सगळं लिनक्सवर आहे बरं का. मी मान डोलावली. लिनक्स हे खोकल्याचं औषध असावं असं मला वाटलं.

माझ्या सहा जणी तिथे लागल्या तर वर्ग वाचेल, कारण खडकीत बातमी पसरायला एक दिवस पुरतो. नाही लागल्या तर माझ्या खोलीत मोबाईल विकले जातील. इतकं साधं आहे.

१३ जानेवारी, शनिवार

लिनक्स काय ते कळलं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर त्याला आतून चालवणारी मूळ व्यवस्था. आपल्या चार मशीनवर विंडोज आहे आणि तीही विकणाऱ्याने चोरून घातलेली, हेही आजच कळलं. लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुसऱ्याला द्यावं. पाणी सगळ्यांना खुलं असावं, हे आमच्या बौद्ध घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण पाण्यापर्यंत जायची वाट तर कुणीतरी दाखवली पाहिजे.

पुस्तक शोधत तीन तास अप्पा बळवंत चौकात हिंडले. पहिलं पुस्तक उशीएवढं. त्यात सुरुवातीलाच म्हटलंय, वाचकाला युनिक्सची ओळख आहे असं गृहीत धरलं आहे. वाचकाला ओळख असती तर वाचक पुस्तक घ्यायला कशाला आला असता? दुसऱ्यात चित्रं भरपूर, पण दुकानदारच म्हणाला की ती आता जुनी झाली, पडद्यावर तसं काही दिसत नाही. मराठीत काही आहे का विचारलं, तर त्याने 'संगणकाची ओळख, इयत्ता चौथी' काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "हे झेपेल." घेतलं नाही, पण चाळलं. त्या पुस्तकाला निदान समोर कोण बसलंय हे माहीत होतं.

२० जानेवारी, शनिवार

एका इंजिनिअरिंग कॉलेजात महिन्यातून एकदा लिनक्सवाल्यांची सभा भरते, तिथे गेले. पन्नासेक पोरं आणि साडीतली मी. एकाने अदबीने विचारलं, काकू, कुणाला न्यायला आलात?

शेवटी शंका विचारा म्हणाले तेव्हा उभी राहिले. म्हटलं, माझ्याकडे दहावी-बारावी झालेल्या बायका आहेत, त्यांनी सुरुवात कुठून करावी? एक जण म्हणाला, मॅन्युअल वाचा. मॅन्युअल कळत नसेल तर? म्हणाला, पुन्हा वाचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात, पण इथे आड काठोकाठ भरलेला आणि पोहरा द्यायला कुणी तयार नाही.

बाहेर पडताना शेवटच्या वर्षाला असलेला शुभंकर नावाचा मुलगा मागून आला. दाढी वाढवलेली, बोलणं मात्र घरंदाज. मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्याने मला दिली, एक भला मोठा छापील गठ्ठा दिला, उद्या येऊन चारही मशीनवर लिनक्स चढवून देतो म्हणाला. "काकू, हे सगळं वाचत बसू नका. आधी मशीनवर करून बघा, ते काय उत्तर देतं ते पाहा." मी त्याला सांगितलं, मी शिक्षिका आहे, आधी वाचते मग करते.

२८ जानेवारी, रविवार

आठवडाभर शब्दकोश शेजारी घेऊन तो गठ्ठा वाचला. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक गोष्ट पक्की कळली, चांगलं पुस्तक शोधत बसले तर बारा मार्च येऊन जाईल. तेव्हा आपणच करावं. लागतील तेवढ्या आज्ञा निवडल्या आणि माझ्या जुन्या रेमिंग्टनवर अठरा तक्ते टाइप केले. एका ओळीत मशीनला द्यायची आज्ञा, खाली तिचा अर्थ. एकही खाडाखोड नाही. समास सरळ, स्वल्पविरामानंतर एक जागा, टिंबानंतर दोन जागा. इतका नीटनेटका कागद शुभंकरच्या गठ्ठ्यात एकही नव्हता. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, छान आहे, पण तू मशीनवर करून बघितलंस का? कारखान्यात बॉम्बगोळे तपासून तपासून ह्यांना प्रत्येक वस्तू तपासावीशी वाटते.

२९ जानेवारी, सोमवार

पहिला धडा. सहा जणी निवडल्या. त्यातली माझी आशा उत्कर्षा. वीस वर्षांची, रेंज हिल्सच्या क्वार्टर्समध्ये राहते, मिनिटाला पंचावन्न शब्द, डोळे कागदावरून हलत नाहीत. कीबोर्डवर फडकं टाकलं तरी एक चूक नाही. बाकी चौघीही तयार आहेत. काळजी राधाची. छत्तीस वर्षांची, लोणी काळभोरहून दोन गाड्या बदलून येते, मुलं मोठी झाल्यावर दहावी केली. कांदे निवडून बोटं राठ झालेली, वेग बावीस. नोकरीची गरज तिला सर्वांत जास्त आणि लोणीहून वाघोली आडरस्त्याने जवळही पडेल, म्हणून घेतलं. दयेने घेतलं हे इथे लिहायला हरकत नाही.

गंमत म्हणजे तक्त्यावर मी ओळींना आकडे घातले होते, ते आकडेही पाचही जणींनी टाइप केले. एक, टिंब, दोन जागा, मग आज्ञा. मशीन म्हणालं, अशी आज्ञा मला माहीत नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, सगळा तक्ता संपवून हात मांडीवर ठेवून बसल्या. मीच तसं शिकवलंय. राधा पहिल्याच ओळीला अडकून पडद्याकडे बघत बसली होती. तिला म्हटलं, डोळे कागदावर. आकडे खोडून नवे तक्ते केले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

राधाची दोन वाईट सवयींवरून कानउघाडणी केली. एक, सारखं पडद्याकडे बघते. दोन, धडा चालू असताना वहीत काहीतरी खरडते. तक्ता छापील हातात आहे, लिहायचं काय असतं?

त्यावर ती म्हणाली, "बाई, टिंबानंतर जागा सोडली की मशीन न्हाई म्हणतंय. न सोडता केलं की यादी येती."

मी विचारलं, कागदावर काय आहे? म्हणाली, जागा हाय. मग? तिने वही मिटली. तक्त्याशी तंतोतंत नाही म्हणून दहातले चार गुण कापले. उत्कर्षाला दहापैकी दहा. तिच्याही पडद्यावर यादी आली नव्हती, पण ते चार नंबरचं मशीन पहिल्यापासून खोडकर आहे. राधाचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

इस्पितळाने चाचणीचं काम पाठवलंय. दोनशे चाळीस जुने केसपेपर. ते टाइप करून परीक्षेच्या दिवशी हजर करायचे, त्यावरही निवड अवलंबून. प्रत्येक केसपेपरचा आधी कच्चा मसुदा, मग तपासून पक्की फाईल. फ्लॉपी सहाच आहेत, त्यामुळे एकीवरचं पहिल्या मशीनवर उतरवलं की ती पुसून पुन्हा वापरायची. काम झपाट्याने चाललंय.

अजून पुस्तक शोधतेच आहे. शुभंकरने सायबर कॅफेतून काही पानं काढून आणली. त्यातलं एक कुणी परदेशी शिक्षकाने नवख्यांसाठी लिहिलंय, ते जरा बरं वाटलं. तो आज्ञा सांगतो आणि लगेच मशीन काय म्हणेल तेही सांगतो. पण त्यामुळे पानं फार वाढतात. माझे तक्ते आटोपशीर आहेत.

२८ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहायचंच.

आज दुपारी दोनशे चाळीसवा पेपर पक्का झाला. आता फक्त कच्चे मसुदे पुसायचे, की पक्क्या फायली उरतात. तो मान उत्कर्षाला दिला. सगळ्या मागे उभ्या. अकरावा तक्ता समोर धरला. तिने कागदाकडे बघत ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. मी टाळी वाजवली. मग राधा हळूच म्हणाली, बाई, यादी बघा.

यादी रिकामी होती. कच्चं गेलं आणि पक्कंही गेलं. शेवटच्या फ्लॉप्यांवर होते ते एकोणीस पेपर तेवढे राहिले.

शुभंकरला फोन केला. म्हणाला, काकू, लिनक्समध्ये पुसलं ते पुसलं, ते परत विचारत नाही, माणसाला कळतंय असं ते धरून चालतं. मी उत्कर्षाकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, तू काहीतरी जास्तीचं दाबलंस. ती रडत म्हणाली, "नाही बाई, मी शीटप्रमाणेच केलं, प्रॉमिस." मी म्हटलं, मग काय तक्त्याने पुसलं? ती पर्स उचलून निघून गेली.

१ मार्च, गुरुवार

उत्कर्षा आली नाही. बाकीच्या खाली मान घालून बसल्या होत्या. सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. राधा जाताना टेबलावर वही ठेवून गेली, म्हणाली, येळ मिळाला तर बघा.

वेळच वेळ होता. वही उघडली. त्यात आज्ञा जवळजवळ नाहीतच. मशीन जेव्हा जेव्हा नाही म्हणालं, तेव्हा ते काय म्हणालं ते तिने एकेक अक्षर बघून उतरवलंय, आणि खाली आपल्या भाषेत त्याचा अर्थ. 'असं म्हणलं म्हंजी नाव चुकलं.' 'असं म्हणलं म्हंजी आपण दुसऱ्याच खोलीत हाय.' 'काहीच न्हाई म्हणलं म्हंजी काम झालं, घाबरायचं न्हाई.' आणि सहा फेब्रुवारीच्या तारखेखाली, 'टिंबानंतर जागा सोडली की मशीन एका नावाची दोन नावं धरतं. बाईंना सांगितलं. बाई न्हाई म्हणल्या.'

अकरावा तक्ता काढला. मराठीत सांगायचं तर आज्ञा अशी हवी होती: पुस, मग 'कच्चा', त्याला चिकटून टिंब, त्याला चिकटून तारा (*). म्हणजे कच्चा या नावाची सगळी पिलावळ पुस. तारा म्हणजे 'जे असेल ते'. मी टाइप केलं होतं: पुस, 'कच्चा', टिंब, दोन जागा, आणि मग तारा एकटाच. मशीनने वाचलं, कच्चा पुस, आणि जे असेल ते सगळं पुस. उत्कर्षाने दोन्ही जागा चोख सोडल्या. माझा हात टिंबानंतर आपोआप जागेच्या पट्टीवर जातो, झोपेतही जाईल. बावीस वर्षं तोच हात मी शेकडो पोरांना दिलाय.

खरं लिहायचं तर पहिला विचार असा आला की हे राधाखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि राधा कुणाला बोलणार नाही. तक्ता फाडला की झालं. अर्धा तास तो तक्ता हातात धरून बसले होते. मला माझी लाज वाटली.

२ मार्च, शुक्रवार

सकाळीच रेंज हिल्सला उत्कर्षाच्या घरी गेले. तिच्या आईने चहा टाकला, मुलगी आतून बाहेर येईना. मी बाहेरूनच सांगितलं, "तुझी चूक नव्हती. तक्ताच चुकीचा होता आणि तो मी टाइप केला. सगळ्यांदेखत बोलले, तर सगळ्यांदेखत परत घेते. चल." ती आली. डोळे सुजलेले. रस्त्यात म्हणाली, बाई, अ‍ॅक्च्युअली मला वाटलं होतं तुम्ही कधीच चुकत नाही. म्हटलं, मलाही वाटलं होतं.

वर्गात सांगितलं. राधाचे कापलेले चार गुणही परत दिले, ती तोंडाला पदर लावून हसली. मग एसटीडी बूथवरून श्रद्धा मॅडमना फोन करून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी किती पेपर उरलेत ते विचारलं. मग म्हणाल्या, परीक्षेची तारीख बदलणार नाही, दोनशे चाळीस पेपर घेऊन या.

दहा दिवस, दोनशे एकवीस पेपर. करायचं.

७ मार्च, बुधवार

एकशे त्रेपन्न झाले. चार मशीनवर आळीपाळीने सहा जणी टाइप करतात आणि सातवी मी. हे पहिल्या पाळीवरून थेट वर्गात येतात आणि डॉक्टरांचं अक्षर वाचून दाखवतात, कारण ते फक्त ह्यांनाच लागतं. मी विचारलं, कसं काय वाचता? म्हणाले, सव्वीस वर्षं तुझ्या चिठ्ठ्या वाचतोय.

रोज काम संपल्यावर राधा दोन फ्लॉपींवर प्रती काढते आणि एक लोणीला घेऊन जाते. ही पद्धत तिची, मी सुचवलेली नाही. माझे अठरा तक्ते बंबात घातले. नवे राधाच्या वहीवरून करतेय. आता डावीकडे आपण काय म्हणायचं, उजवीकडे मशीन काय म्हणतं, खाली ते नाही म्हणालं तर का. पानं वाढली. वाढू देत. आणि प्रत्येक ओळ आधी मशीनवर करून बघते, मगच कागदावर घेते. मी इतके दिवस दुकानात जे पुस्तक शोधत होते ते शेवटच्या बाकावर बसून लिहिलं जात होतं, आणि त्याबद्दल मी त्या बाईला ओरडत होते.

१२ मार्च, सोमवार

दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस हजर केले.

परीक्षेत मशीनचा भाग आधी झाला. परीक्षकाने सगळ्यांच्या फायली मुद्दाम भलत्याच ठिकाणी टाकल्या होत्या, शोधून काढायच्या. राधाने सर्वांत आधी काढली. शेजारची गांगरली तेव्हा ही परीक्षकाला विचारून तिला म्हणाली, वर काय म्हणतंय ते आधी वाच.

मग वेग. पाच जणी पार झाल्या, उत्कर्षा पहिली. राधाचे सव्वीस.

मी श्रद्धा मॅडमच्या टेबलाशी गेले. सांगितलं की यातलं सगळ्यात जास्त हिलाच कळतं, बाकीच्या पाच जणी हिच्या वहीवर शिकल्यात. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओव्हाळबाई, तीस म्हणजे तीस. तुम्हीच सांगा, सव्वीसला तीस कसं म्हणू?" हेच वाक्य मी आयुष्यभर पोरांच्या तोंडावर फेकत आले आहे.

पाच जणी लागल्या, वर्ग वाचला, आणि मला आनंद होईना. परतीच्या बसमध्ये राधा खिडकीशी बसली होती. म्हटलं, वर्गात शिकवायला ये, पगार देईन. तिने विचारलं, "दयेनं म्हणताय का बाई?" मी म्हटलं, नाही, गरजेने. खरंच गरजेने म्हणत होते. ती म्हणाली, "मग येते. सकाळी मी शिकवीन, दुपारी तुम्ही मला टायपिंग शिकवायचं. तीस झाल्याबिगर मी सोडायची न्हाई."

३१ मार्च, शनिवार

भाऊजी आले. खुर्चीत बसून राधाचा सकाळचा वर्ग तासभर बघितला. सोळा बायका. एक जण सासूला घेऊन आलेली. राधा एकीलाही उत्तर सांगत नाही. मशीन काय म्हणालं ते मोठ्याने वाचायला लावते, मग विचारते, आता काय करशील? भाऊजींनी निघताना किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाले, ही बाई आहे तोवर खोली तुझी. मोबाईलला दुसरी जागा बघतो.

९ जून, शनिवार

श्रद्धा मॅडमचा फोन. लग्न ठरलं म्हणून एक जण सोडून चाललीय. राधाला घ्यायची त्यांची इच्छा आहे. पुन्हा परीक्षेची गरज नाही म्हणाल्या, वेग तीस झाला असेल तर तुम्ही दाखला द्या, तुमच्या घड्याळावर माझा विश्वास आहे.

राधाला सांगितलं. तिने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, येत्या शनिवारी घ्या परीक्षा.

सकाळचा वर्ग आता तेवीसवर गेलाय. ती गेली तर त्यांना कोण शिकवणार? मला आज्ञा येतात, पण बायका अडकल्या की मी अजूनही उत्तर सांगून मोकळी होते. तीन जणी तर मला सरळ म्हणाल्या, राधाताई असतील तेव्हाच येतो. भाऊजींचे शब्द लक्षात आहेत. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी नुसतं डाळ अजून वाढू का विचारलं.

१६ जून, शनिवार

दुपारी तीनला परीक्षा घेतली. वर्गात आम्ही दोघीच. राधा जुन्या रेमिंग्टनवर बसली, मी मागे घड्याळ घेऊन. डोळे कागदावर, बोटं एका लयीत. मध्ये एकदा अडखळली आणि सावरली. पाच मिनिटांनी थांब म्हटलं.

कागद काढून शब्द मोजले, पाचाने भागले, चुका वजा केल्या. एकतीस. पुन्हा मोजले. एकतीसच.

ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. मनात आलं, एकोणतीस म्हणावं. कुणी तपासणार नव्हतं. ती 'बरं बाई' म्हणाली असती, अजून महिनाभर हात बसवला असता, तोवर तिकडे दुसरी कुणी लागली असती आणि माझा वर्ग, माझी खोली, तेवीस बायका, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. एकोणतीस हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. हे कुणाला सांगण्याची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते.

"एकतीस," मी म्हणाले.

ती वळली नाही. "खरं सांगताय न्हवं? दया येऊन न्हाई?"

म्हटलं, बावीस वर्षांत मी कुणाला अर्धा शब्द फुकट दिलेला नाही.

दाखला टाइप केला, सही केली, शिक्का मारला. ती पाया पडायला वाकली, ते आमच्यात चालत नाही म्हणून मी तिचे हात धरले आणि सोडायचे विसरले. शेवटी तीच म्हणाली, बाई, गाडी चुकंल.

ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि सोमवारचा धडा काढायला मशीनसमोर बसले.